वाचता येतं, लिहिता येत नाही

जनावरांच्या दवाखान्यातल्या जुन्या विंडोजवर
डिस्क सरळ उघडते.
आत नऊ वर्षांची देवणी जनावरं:
कानातल्या बिल्ल्याचा नंबर, गाव, वेत, दूध,
डावीकडून एक फोटो, उजवीकडून एक,
शिंगांचा वेगळा.

पुस्तक करायला अन्विता आली पुण्याहून.
मांडीवर मॅक, आणि वायर जोडायला आणखी एक वायर.
डिस्क दिसली. फोटो दिसले.
शेवेरा वळूपाशी थांबली,
म्हणाली, मावशी, याच्या अंगावर कुणी शाई झटकलीय?
मग उजळ केलेला फोटो परत ठेवायला गेली
तर ठेवता येईना.
‘यात नुसतं वाचता येतं. लिहिता येत नाही.’

मला कानडी अशीच येते.
बिदरच्या बसची पाटी वाचते,
पत्र आलं तर उत्तर मराठीत.

तिसरं यंत्र रेवणसिद्ध सरांचं, शाळेच्या लॅबमधलं, लिनक्स.
सर म्हणाले, आधी माउंट करावी लागते.
आमच्या दवाखान्यात त्या शब्दाचा अर्थ निराळा,
मी गप्प बसले.
पडद्यावर आलं: मागच्या वेळी नीट बंद केलेली नाही,
हात लावणार नाही.
सरांनी माझ्याकडं बघितलं.
हो, ओढून काढते मी. घाई असते.
बाहेर गाय उभी असते.

मोंढ्यासमोर तय्यबचं दुकान.
त्यानं डिस्क कानाशी धरली, आम्ही पोट ऐकतो तशी.
‘काय करलालाव मॅडम,
इतक्या वर्षाचा माल एकाच डब्यात?’
जुना फॅट सगळीकडं चालतो म्हणाला,
पण चार जीबीच्या वरचा घास गिळत नाही.
माझ्याकडं एक वेत आहे सहा जीबीचं,
रात्री दोन ते पहाटे पाच,
वासरू उलटं, आणि टॉर्च धरणारा पोरगा मधूनच झोपलेला.
‘मग एक्सफॅट. तिन्हीकडं वाचतंय, तिन्हीकडं लिहितंय.
पर पहले पूरा खाली करना पडता.’

दुसऱ्या डिस्कवर उतरवायला घेतलं.
चार तास बाकी. अकरा तास बाकी. दोन मिनिटं.
परत नऊ तास.
मी स्टुलावर बसून नावं सरकताना बघत राहिले.
यातली निम्मी आता नाहीत,
काही बाजारात कुठं गेली माहीत नाही.
तय्यबनं दोनदा चहा सांगितला,
एका माणसाचं आधार लॅमिनेट केलं,
एकाला म्हणाला, सिम नक्को, रेंजच नाही तुमच्या गावाला.

शेवटी चौकट आली:
सगळा डेटा नष्ट होईल. पुढं जायचं?
त्यानं माउस माझ्याकडं सरकवला.
‘तुमीच दाबा. माझ्या हातानं नक्को.’

सहा सेकंद लागले.

नाव काय देऊ, त्यानं विचारलं.
मी म्हटलं देवणी.
इंग्रजी अक्षरांत टाकलं,
मराठीत टाकलं तर कुठंतरी चौकोन दिसतील म्हणून.
आणि पैसे घेताना सांगितलं:
‘जुनी वही ठेवायची. लिहिताना मोडलं
तर कुठं मोडलं ते तिला ठाऊक असायचं.
ही नाही ठेवत. ही सगळ्याची आहे.
ओढू नका.’

आता ती तिन्हीकडं जाते.
मॅकवरून आली की दवाखान्यात
टिंबानं सुरू होणाऱ्या बारीक फायली दिसतात कोपऱ्यात,
पाहुणा पंचा विसरून गेल्यासारख्या.
उघडत नाहीत, कामाच्या नाहीत.
पहिल्यांदा पुसल्या. आता राहू देते.

आज सकाळी एक नवीन नोंद केली.
वानेरा, कालवड, अर्धं तोंड काळं.
बिल्ला अजून मारलेला नाही.
मग ‘सुरक्षित काढा’ वर बोट ठेवून
उभी राहिले, बाहेर गाय ओरडत असताना,
तो होय म्हणेपर्यंत.