एक कान कमी

सकाळी मोजले तेव्हा ससे सहा होते
आणि कान अकरा.

मी मिग्लाकडे पाहिलं. तिनं भिंतीकडे.
राखाडी मांजर अशी काही साळसूद बसते
की वाटावं, आपलंच मोजायला चुकलं.
रुपुत्सिस फडताळावर, लोकरीच्या टोपलीत,
पोट वर करून.
त्याच्यावर आळ घेण्यात अर्थ नाही,
तो फक्त खायचं चोरतो.

लिएपायातलं हे लाकडी घर, समुद्रापासून दोन गल्ल्या आत.
वारा खिडकीच्या फटीतून येतो,
फटीत मी चिंध्या कोंबते,
उरलेल्या सशांच्या पोटात.
बावीस वर्षं बंदरावर ताडपत्र्या शिवल्या,
बोटाएवढ्या सुईनं.
आता मसुरीएवढं नाक शिवते
आणि त्यावर घर चालतं. म्हणजे, चालतं तसं.

कानांना आतून अर्विड्सचा शर्ट लावते, लाल चौकड्यांचा.
बाह्या संपल्या. सध्या पाठ चाललीय.
कॉलर बाजूला ठेवलीय.
का, ते मला विचारू नका.

येल्गावाहून एका बाईनं कळवलं,
शिवणीत केस सापडला, राखाडी,
मुलीला शिंका येतात.
मी पैसे परत केले, म्हटलं ससा राहू द्या,
तरी त्यांनी धाडलाच, दोन पिशव्यांत बांधून,
जणू त्याला काही झालं होतं.
आता तो खुर्चीत असतो
आणि मिग्ला त्याच्या मांडीवर हनुवटी टेकून.
ज्याचा केस, त्याच्याकडे ससा.

संध्याकाळी सहाला मशीन झाकते.
पडद्याच्या दांडीला सलाइनची पिशवी.
कास्पार्स म्हणाला होता (डॉक्टर, पण वय असेल अठ्ठावीस),
मानेमागची कातडी चिमटीत धरा,
तंबूसारखी उचला,
आणि तंबूच्या दारातून सुई आत.
तुम्ही तर शिवणाऱ्या, तुम्हाला सोपंच.

सोपंच.
एवढ्या वर्षांत माझा हात कधी हलला नाही,
पण कापड वळून बघत नाही.

पहिल्या दिवशी सुई आरपार गेली,
पाणी माझ्या मांडीवर.
ती रागावलीसुद्धा नाही. मीच रडले, शिव्या देत.
आता जमतं.
शंभर मिली. दहा मिनिटं.
तेवढ्या वेळात ट्राम दोनदा जाते,
खिडकीतले डोळे नसलेले ससे दोनदा थरथरतात.
पाणी कातडीखाली घसरत खांद्याशी साठतं
आणि ती एका अंगानं फुगते,
भुसा कमीजास्त भरलेल्या खेळण्यासारखी.
असं खेळणं मी कधी विकलं नसतं.

सुई काढली की दोन पावलं लंगडते, अंग झटकते,
आणि सरळ टेबलावर,
कानांच्या ढिगाकडे.
जित्याची खोड, म्हणते मी
आणि पुढचं बोलत नाही.

रात्री कात्री पडली म्हणून वाकले.
शेगडीखाली टॉर्च मारला.
तिथे सात कान.
कुठले कुठले, काही तर त्या पिवळ्या बदकाआधीच्या काळातले,
केसांनी मढलेले, दाबून दाबून बसायची जागा केल्यासारखे.
एक बटण. टोमॅटोच्या आकाराचा टाचणगड्डा.
आणि माझं अंगुस्तान,
अर्विड्सला नेलं त्या आठवड्यात हरवलेलं,
ज्यासाठी मी शेजारच्या स्कैद्रीतेशी
तीन महिने अबोला धरला होता.

अंगुस्तान घेतलं.
बाकीचं होतं तसं आत सरकवलं.
उद्या स्कैद्रीतेला काय सांगायचं, ते उद्या.

मग शर्टाच्या पाठीवर
खडूनं बारावा कान काढला,
आणि कापड पुरतंय असं बघून
तेरावा.