दूध चालतं, अंधार चालत नाही

असं तिच्या आईनं कागदावर लिहून दिलेलं.
उदयननं वाचून दाखवलं.
सोलोमिया, वय नऊ. सात आठवडे आमच्याकडं, वडगावात.

उदयन तिकडं डॉक्टरकी शिकताना
हिच्याच घरी राहायचा.
पळून यायच्या दिवशी हिच्या आईनं त्याच्या खिशात
उकडलेली अंडी कोंबली होती.
फेड म्हणून नव्हे,
पण विचारलं तेव्हा मी म्हटलं, आण की.

वाटलं होतं, मागाच्या खडखडाटानं पोर दचकेल.
ती दचकली करंट गेल्यावर.
गल्लीतले सगळे माग एकदम गप्प
आणि ही पलंगाखाली.
मीपण शिरले. गुडघे ओरडले, ओरडू देत.
टॉर्चच्या उजेडात एक जुना धोटा
आम्ही एकमेकींकडं सरकवत राहिलो
करंट येईपर्यंत.

शेजारची रुद्रव्वा तिला 'बा' म्हणते, मी 'ये'.
ती दोघींकडं जाते.
एकदा तिनं विचारलं, ही एकच भाषा ना?
मी मान हलवली.
चौकातल्या पाटीवरच्या डांबराचं
काही बोलले नाही.
तिलाही दोन येतात म्हणे.
त्यातली एक ती आता तोंडातून काढत नाही.

तुटलेलं सूत जोडायला शिकली शेवटी शेवटी.
तिची एक गाठ, चिंचोक्याएवढी,
साडीच्या पदरातच राहिली.
कात्री हातात होती. नाही कापली.

ती गेली त्याच आठवड्यात
साडी गोकाकला गेली.
शेठनं वीस रुपये कमी दिले.