खोली

जिन्सी नाल्याजवळ आमचं दुकान.
पाटीवर अजून आहे: 'जिनगर आणि मंडळी, परवानाधारक'.
मंडळी म्हणजे मी.

मंगळवारी मुरारहून सुभेदार भदौरिया आले,
गमछ्यात गुंडाळलेली बॅरल मांडीवर घेऊन,
तापातलं लेकरू दवाखान्यात आणावं तशी.
आधी कचेरीचा शिक्का पुढं केला, मग ती.
कारखान्याची होती, नंबर कोरलेली.
आतलं माप सगळ्यांना चालेल असं,
म्हणून कुणालाच नीट न बसणारं.

"कंधा ज़रा ऊपर," सुभेदार म्हणाले,
"और दीवारें सीधी."
अण्णांनी शिंप्यासारखं ऐकून घेतलं,
मान न हलवता.

चेंबरला मी खोली म्हणते.
अण्णांना ते पटत नाही. पण
खोली म्हणजे राहायची जागा,
आणि खोली म्हणजे किती आत गेलो ते.
एकाच रीमरला दोन्ही करायचं होतं.

लेथवर ती नुसती मधोमध आणण्यात
सकाळ गेली.
डायलची सुई थरथरत होती,
अण्णांचे हात नव्हते.
(एरवी त्यांचा कप बशीत वाजतो
तो शेजारच्या गिरणीत ऐकू येतो.)
मी तेल सोडत होते.
थोडं आत. बाहेर. पुसून घे. पुन्हा थोडं आत.
चुरा कुरळा निघाला तर पोलाद राजी आहे,
पीठ निघालं तर थांब.

दुपारी वीज गेली.
"बरं झालं," अण्णा म्हणाले,
आणि उरलेले चार थाऊ हातानं फिरवले,
डोळे मिटून, ओठांवर काहीतरी मोजत.
मग दोन गेज. एक बसायला हवा,
दुसरा बसता कामा नये.
दुसरा बसला नाही.
अण्णांनी तेव्हा कुठं पाणी मागितलं.

रविवारी रेंजवरून सुभेदार परत आले
आणि काउंटरवर दोन गोष्टी ठेवल्या:
एक न उडालेलं काडतूस, खांदे पडलेलं,
एक रिकामी पुंगळी, मानेशी काजळी,
खांदे ताठ.
दोन्ही एकाच डब्यातली.
जुन्या मापाचं नव्या खोलीत सैल बसतं,
उडतं तेव्हा भिंतींना जाऊन टेकतं
आणि मग तसंच राहतं.

पुण्याची मावसबहीण फोनवर हसते,
"'काम करून राहिले' काय गं? कुठली ही मराठी?"
आई सांगलीहून एकोणिसाव्या वर्षी इथं आली.
तिला आता "राहिले" ऐकू येत नाही.
मी ती पुंगळी खिशात टाकली.
सुभेदारांनी बघितलं, बोलले नाहीत,
मग बोलले: "बेटी, गिनती में लिखी है."
परत दिली.

संध्याकाळी रजिस्टर.
नंबर, तारीख, मालक,
आणि 'केलेले काम' ही बोटाएवढी रकाना.
मी लिहिलं: खोली वाढवली.
अण्णांनी चष्मा वर करून वाचलं, बराच वेळ.
म्हणाले,
"किती, ते लिही."