बिम्याचं नाव

पहिल्या कार्डावर एकटे वडील होते.
पगारातून आणे कापले जात,
आणि परदेशीपुऱ्याच्या दवाखान्यात औषध मिळे
ते फक्त त्यांच्याच अंगाला.
म्हणून नलूला खोकला झाला
की वडील रांगेत उभे राहून खोकत.
अक्कूचा कान वाहिला
की स्वतःचा कान धरून बाकावर बसत.
डॉक्टर सोहनी चष्म्यावरून बघत,
"ढगे, या वयात गोवर?"
आणि मात्रा निम्मी लिहीत.

मग कायदा बदलला म्हणे, घरच्यांनाही आत घेतलं.
पाटनीपुऱ्यातल्या स्टुडिओत सगळे एका बाकावर:
नलू, अक्कू, आईच्या मांडीवर मुरली,
ऐन वेळी हललेला,
तोंडाच्या जागी नुसता उजेड.

मुरली त्याच साली होळीच्या आधी गेला, घटसर्पानं.
कार्ड होतं. नंदानगरच्या बिमा अस्पतालात खाटही मिळाली.
बिम्यात तेवढं बसत नव्हतं.

नाव खोडायला आई कुणाला जाऊ देईना.

दोन वर्षांनी मी झालो.
नवं नाव चढवायचं तर नवा फोटो, नवा फॉर्म,
टाइमकीपरची सही, एका पाळीचा खाडा.
आईनं बोटांवर हिशेब केला
आणि मला तापात उचलून नेताना
दवाखान्याच्या पायरीवर म्हणाली,
"इथं तू मुरलीधर. हाक आली की हो म्हण."

मी हो म्हणालो.
मुरलीधरला सुई टोचली, माझ्या दंडात.
मुरलीधरचे जंत, मुरलीधरची कावीळ,
मुरलीधरचं लाल मिक्श्चर
घरून नेलेल्या बाटलीत, तिच्यावर
कंपाउंडरनं चिकटवलेली खाचांची कागदी पट्टी,
एक खाच सकाळी, एक रात्री.
शाळेत हेमराजला गणितात शंभरातले अठ्ठावीस.
दवाखान्यात मुरलीधरचं वजन वाढत होतं.

पुढे मीही मिलमध्येच लागलो, साच्यावर.
माझ्या कार्डावर माझी मुलगी
स्वतःच्या नावानं, डोळे सताड उघडे.
सात वर्षं.
मग भोंगा बंद पडला.
देणी कोर्टात, कार्ड ट्रंकेत,
पोरीच्या टायफॉइडला बायकोची पोत गहाण.
खिडकीतला बाबू चांगला होता, हळू बोलला,
"भिया, कपात नाही तर बिमा कसला?"
वडिलांसारखं रांगेत जाऊन
तापाचं सोंग करावं,
तर माझंही नाव उरलं नव्हतं कुठे.

परवा मोतीबिंदूच्या शिबिरात
नर्सनं हाक मारली, "मुरलीधर!"
मी उठलो.
समोरच्या खुर्चीतून आणखी एक जण उठला,
माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा असेल,
काठी चाचपत आत गेला.
मी परत बसलो.
गुडघ्यांना मात्र ते
बराच वेळ पटलं नाही.