रकाना क्रमांक सात

धर्मादाय कार्यालयाचा फॉर्म दरवर्षी तोच.
रकाना क्रमांक सात : लाभार्थींची संख्या.
सदतीस वर्षं पोस्टात गेली माझी,
रकाना कोरा सोडायची हाताला सवय नाही.
यंदा मात्र पेन तिथंच अडलंय.

संस्था म्हणजे देवगड बंदराच्या चढावर
बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यातली एक खोली.
भिंतींना अजून भुशाचा वास.
अर्ध्या खोलीत फळा, सतरंजी, बाराखडी;
अर्ध्यात जाळीचं दार, आणि आत
टेम्पोखाली आलेली, गळ गिळलेली,
मुंबईकरांनी मे महिन्यात पाळून जूनमध्ये सोडलेली.
मध्ये पडदा आहे. तो कुणीच मानत नाही.

मथुरा खोबरेकर पहाटे मासळीचा लिलाव पुकारते,
मग बसक्या आवाजात पाढे घेते.
इनास फर्नांडिस जाळी विणायचे;
आता दप्तरांचे पट्टे आणि कुत्र्यांचे पट्टे
एकाच दाभणाने शिवतात.
असगर साटविलकरचा टेम्पो
सुरमई घेऊन कोल्हापूरला जातो.
मी हिशेब लिहितो. तूट बहुतेक माझ्या पेन्शनमधून जाते,
ते लिहीत नाही.

फाल्गुनात झुमाला खापरी चावली.
झुमा, कलमांच्या राखणदाराची, वय आठ.
खापरी, काळी, तीन पायांची.
शेपटीवर पाय पडला एवढंच,
पण मनगटावर दात उमटले चार.

संध्याकाळी वाडी दारात, हातात दांडे.
मथुरा उंबऱ्यावर बसली, पाय पसरून.
"आधी माका मारा," म्हणाली, "मगे कुत्र्याक."
कुणी पुढे आलं नाही.
मागेही गेलं नाही बराच वेळ.

दवाखान्यात कुणीतरी पोरीला सांगून टाकलं :
कुत्रं दहा दिवस जगलं, तर तुला भीती नाही.

दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधीच ती पायरीवर.
"बाँचेको छ?" मग आठवून, मराठीत,
"जिती आहे?"
जाळीसमोर फतकल मारून बसली
आणि वहीत एक उभी रेघ ओढली.

बापाला बाग सोडवेना, आंबा झाडावर.
सुईच्या दिवशी इनास तिला खांद्यावर घेऊन गेले,
पंचाहत्तरीचे गुडघे, वाट चढाची.
सातव्या दिवशीची लस इथे संपलेली;
असगरने ती कोल्हापुराहून आणली,
गगनबावड्याच्या वळणांवरून,
सुरमईच्या पेटीत उरलेल्या बर्फात.
कुपीला मासळीचा वास होता. डॉक्टर हसले नाहीत.

चौथ्या दिवशी खापरीने तोंड लावलं नाही कशाला.
झुमानेही.
मथुराने बांगडा उकडला, काटे काढले,
दोघींपुढे ठेवला आणि पाठ फिरवून बसली.
थोड्या वेळाने चाटल्याचा आवाज आला.
कुणाचा, ते तिने वळून पाहिलं नाही.

सहाव्या दिवशी खापरी शिंकली.
आम्ही चौघं म्हातारी माणसं
भिंतीवरचा 'ङ' बघत राहिलो.

दहावी रेघ ओढली तेव्हा कणकवलीचे डॉक्टर आले,
दोरी सोडा म्हणाले.
मला वाटलं, पोर मिठी मारेल.
तिने कंबरेवर हात ठेवले
आणि खापरीला नेपाळीत झाड झाड झाडलं,
शब्द कळला नाही एक,
पण पोस्टात साहेबांनी मला झाडलेलं
सगळं आठवलं.
खापरी तीन पायांवर उभी राहून
खाली मान घालून ऐकत होती.

आता हा फॉर्म. मुदत उद्याची.
मुलांचे आकडे वहीत आहेत, जनावरांचे दुसऱ्या वहीत,
रकाना एकच.
आणि त्या दहा दिवसांत
कोण कुणाच्या जिवावर जगलं,
याची बेरीज मला येत नाही.
इनास म्हणतात, एक लिहा.
असगर म्हणतो, टेम्पो धरून लिहा.
मथुरा म्हणते, पोस्टमन, चाय थंड होता.

फॉर्मच्या कोपऱ्यावर
खापरी हनुवटी टेकून झोपली आहे.
ओढला तर फाटेल.
उठेपर्यंत थांबतो.