चाळीस मिनिटं

डॉक्टर पाथऱ्यांनी चिठ्ठीवर आधी गोळी लिहिली,
अर्धी, रात्री, जेवणानंतर.
पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं,
आणि खाली त्याच न लागणाऱ्या अक्षरात:
सकाळी चाळीस मिनिटं बाहेर. मोबाईल घरी.

औषधाच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
हे दुसरं आपल्याकडे येत नाही, मावशी.

सव्वीस वर्षं प्रेसमध्ये होते, नाशिकरोडला.
माझं काम चूक शोधायचं.
तावावर एखादी रेघ सरकलेली,
शाई किंचित फुटलेली,
अंक मान वाकडी करून उभा.
सारखं ते बरोबर, वेगळं ते बाद.
मी रिटायर झाले, बोटं झाली नाहीत.
पंख्याचे फेरे मोजायचे, पोळीवरचे डाग,
मुलगा फोनवर किती वेळा नुसतं 'हं' म्हणाला ते.
रात्री तीनला छातीत कोणीतरी गठ्ठे बांधत बसायचं.
घरच्यांना वाटायचं, पित्त.

पाथर्डी फाट्यावरून पांडवलेणं रोज दिसायचं,
पाण्याची टाकी दिसते तसं.
पहिल्या दिवशी स्वेटर, कानटोपी, वर शाल,
आणि मोजत मोजत वर.
दोनशे सोळा पायऱ्या.
दुसऱ्या दिवशी दोनशे एकवीस.
या पाच कुठून आल्या, या घोरात
दिवसभर कुकरची शिट्टी ऐकू आली नाही.

भामरे म्हणून एक गृहस्थ उतरताना भेटत,
निफाडला आज याहून जास्त गारठा आहे
एवढं सांगण्यासाठीच उठत असावेत.
त्यांना विचारलं, पायऱ्या नक्की किती?
म्हणाले, चढताना दम लागतो,
उतरताना लक्षात राहत नाही.

दहा-बारा दिवस काहीही झालं नाही.
हे मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं
झाड दिसलं की माणूस बरा होतो.
मला खाली हायवेचे ट्रक ऐकू यायचे
आणि मी त्यांचे गिअर मोजायचे.

मग एकदा, मार्गशीर्ष असेल,
गुडघा धरला म्हणून पायरीवर बसले.
शेजारी करंजाचं रोपटं.
सवयीनं एक पान चिमटीत धरलं, चाचपलं,
उजेडासमोर नेलं.
अळीनं कड खाल्लेली. बाद.
दुसरं: मधली शीर जराशी डावीकडे. बाद.
तिसऱ्यावर पांढरी नागमोडी रेघ, चौथं दुमडलेलं,
पाचवं सहाव्यासारखं नाही,
सहावं कशासारखंच नाही.
अख्खं झाड बाद. अख्खा डोंगर बाद.
आणि कोणी गठ्ठा बांधून परत पाठवत नव्हतं.
ऊन आलं, सगळ्यांवर पडलं.

वेडा राघू तारेवरून सुटला, हवेत गिरकी,
पुन्हा त्याच तारेवर,
पण वीतभर अलीकडे.
मी हसले. एकटी, मोठ्यानं.
भामरे थबकले. काय झालं हो?
म्हटलं, काही नाही,
सगळं चुकलंय.

त्या दिवशी किती पायऱ्या झाल्या
माहीत नाही.

गोळी अजून अर्धी चालूच आहे.
वाईट रात्री येतात. परवाच आली.
तीनला उठून बाल्कनीत उभी राहिले,
डोंगर म्हणजे नुसता अंधार, जरा जास्त दाट,
पण त्यात करंज कुठे आहे
ते मला ठाऊक होतं.
दात वाजायला लागले तेव्हा आत आले.

सकाळी परत येते तर मोज्यांत कुसळंच कुसळं.
दारात बसून उपटत असते.
हे पेपरातून डोकं वर न काढता विचारतात,
झाली का गं चाळीस मिनिटं?

मला काय माहीत.
घड्याळ मोबाईलमध्ये,
मोबाईल घरी.