पहिली फेरी

कुपांगमध्ये आता शाळेची घंटा साडेपाचला होते.
वरून आदेश आलाय. पोरांना शिस्त लागेल म्हणतात.
म्हणून माझी पहिली फेरी सव्वाचारला,
सिकुमानाच्या चढावरून,
जिथे कुत्रीसुद्धा अजून भुंकायचं मनावर घेत नाहीत.

माझी बेमो निळी. कपाळावर चंदेरी गरुड,
बाकड्याखाली दोन स्पीकर, वासराएवढे.
दिवसा मी येतोय हे गल्लीला तीन वळणं आधी कळतं.
पहाटे मी ते बंद ठेवतो.
कुणी सांगितलं नव्हतं.

पोरं चढतात. ओले केस,
एका पायात पांढरा मोजा, दुसऱ्यात राखाडी,
समोरासमोर बसतात आणि माना टाकतात.
योनातान तर चढता चढताच झोपतो:
पहिला पाय पायरीवर पडतो तेव्हा जागा असतो,
दुसरा आत येईपर्यंत नसतो.

देल्फियाना तेफा, अकरावी, कायम खिडकीशी.
तिच्या कपाळाच्या तेलाचा डाग
काचेवर रोज त्याच उंचीवर उमटतो.
संध्याकाळी मी गाडी धुतो,
तेवढी काच सोडून.

जीवशास्त्राच्या नोन्सीबाई पुढे माझ्या शेजारी बसतात.
त्या म्हणाल्या, ओक्तोभाऊ, या वयात
अंगातली रात्रच उशिरा सुरू होते.
पोर दहाला आडवं झालं तरी डोळा लागायला बारा वाजतात.
आळस नाही, लबाडी नाही,
आतलं घड्याळच मागे पडलेलं असतं काही वर्षं.
"हा धडा मी पहिल्या तासाला घेते, पावणेसहाला.
बाकांवर तीस माना आडव्या.
पुरावा समोरच असतो. मी त्याची हजेरी लावते."
हसल्या नाहीत त्या.
पुढच्या वळणावर त्यांनाही पेंग आली.

माझा बाप रोते बेटावर ताडावर चढायचा, अंधारातच.
रस आटवून गूळ पाडायचा,
आणि दुपारी झापाच्या सावलीत असा घोरायचा
की कोंबड्या लांबून जायच्या.
पहाटेच्या झोपेला साखरझोप का म्हणतात
हे त्याला कळत होतं, रोज मोडावी लागायची ना.
म्हणायचा, रस वेळेवर उतरवला नाही तर आंबतो;
झोप वेळेआधी उतरवली तर आंबते.
खरं तर दुसरी ओळ माझी आहे.
त्याच्या नावावर खपवतो.

आता सांगतो ते मालकाला कळू देऊ नका.
पहिल्या फेरीला मी मासळीबाजाराचा थांबा गाळतो.
नऊ मिनिटं वाचतात.
ती नऊ मिनिटं मी शाळेच्या फाटकाबाहेर
चिंचेखाली उभा राहतो, दिवे बंद,
इंजिन चालू.
पाळणा थांबला की बाळ उठतं,
एवढं मला तीन पोरांवरून ठाऊक आहे.
डिझेलचा हिशेब माझ्या तंबाखूतून.

मग सिमसन खाली उतरतो, माझा कंडक्टर.
दिवसभर दाराला लोंबकळून गावं ओरडणारा,
दांडीवर नाणं ठोकून मला थांबवणारा.
इथे तो नाणं ठोकत नाही.
एकेकाच्या खांद्याला दोन बोटं लावतो,
देल्फियानाच्या दप्तराला नुसता हलवतो.
घंटेच्या आत गाडी रिकामी.

काल मात्र घंटा व्हायला आली तरी कुणी उठेना.
मी आरशात पाहिलं.
सिमसन दारातच उभा, दांडीला गाल लावून,
तोंड जरासं उघडं,
मुठीत नाणं घट्ट.

सोळा वर्षांचा आहे.
तीनला उठून गाडी पुसतो.
शाळा सुटली तेव्हा त्याची सातवी अर्धी राहिलेली.
शाळा उशिरा भरवा म्हणून पालक निवेदन लिहितायत,
मीही अंगठ्याशेजारी सही केली त्यावर;
त्यात सिमसनसाठी ओळ कुठे घालायची
मला सुचलं नव्हतं.

मी स्वतः उतरलो. पोरांना उठवलं,
एकेकाला, त्याच्यासारखंच, दोन बोटांनी.
त्याच्या काखेखालून वाकून वाकून ती उतरली,
नोन्सीबाईसुद्धा, चपला हातात घेऊन.

इंजिन चालू ठेवलं.
तिकडे ओएबाच्या धक्क्यावर बायका टोपल्या घेऊन
मला शिव्या देत असतील.
देऊ देत.
मासळीला बर्फ असतो.